वनवाटा, वाडे आणि सायकल

प्रस्तावना

प्रवासवर्णन हा वाङ्मयप्रकार तुम्हाला नवा नाही. आगगाडीच्या, बोटीच्या, विमानाच्या प्रवासांची वर्णने तुम्ही वाचली असतील. या पाठातला प्रवास मात्र सायकलवरचा आहे आणि त्यात कसलीही घाई नाही. युरोपातील बेल्जियम हा देश आपल्या केरळ राज्याहूनही लहान. त्याच्या उत्तर भागाला फ्लँडर्स म्हणतात. येथील लोकांची भाषा डच. फ्लँडर्सच्या पश्चिम टोकाला ब्रूज हे कालव्यांचे जुने शहर आहे. त्या शहरातून निघून दक्षिणेकडील वनराईत शिरायचे, खंदकांनी वेढलेले वाडे पाहायचे आणि संध्याकाळी पुन्हा ब्रूजला यायचे, अशी ही सुमारे पन्नास किलोमीटरची फेरी आहे.

हा पाठ अभ्यासल्यावर तुम्हाला एखाद्या मार्गाचे क्रमवार वर्णन करता येईल. स्थळाचे वर्णन आणि त्या स्थळाचा इतिहास लेखनात कसे गुंफले जातात, हे सांगता येईल. किल्ला, गढी, वाडा यांसारख्या जवळच्या अर्थाच्या शब्दांतील भेदही तुमच्या ध्यानात येईल.

मूळ पाठ

ब्रूजच्या रेल्वे स्थानकातून बाहेर पडताच नजर जाते ती सायकलींच्या लांबच लांब रांगांकडे. कचेरीत जाणारे, शाळेची मुले, भाजीची पिशवी अडकवलेल्या आजीबाई, सारेच येथे सायकलवर स्वार. सायकल भाड्यानेही मिळते. ती घ्यावी, आसनाची उंची आपल्या पायांना जुळवून घ्यावी आणि कागदाच्या एका चिठ्ठीवर पाच-सहा आकडे लिहून ती खिशात ठेवावी. नकाशाची गरज उरत नाही.

हे आकडे कसले, ते आधी समजून घेऊ. फ्लँडर्समध्ये सायकलच्या दोन वाटा जेथे एकमेकींना मिळतात, त्या प्रत्येक ठिकाणाला एक क्रमांक दिलेला असतो. खांबावरच्या पाटीवर त्या ठिकाणाचा क्रमांक असतो आणि शेजारच्या क्रमांकांकडे जाणारे बाण असतात. आपल्या चिठ्ठीवर पुढचा जो आकडा असेल, त्याचा बाण धरून चालू लागायचे. गावाचे नाव उच्चारता येवो न येवो, भाषा कळो न कळो, अंक वाचता आले म्हणजे पुरे. ही सोपी युक्ती ह्युगो बोलेन नावाच्या खाण अभियंत्याला सुचली. देशाच्या पूर्वेकडील लिम्बुर्ख प्रांतात कोळशाच्या खाणी होत्या. त्यांतली शेवटची खाण १९९२ मध्ये बंद पडली. त्याच प्रांतात १९९५ मध्ये क्रमांकित वाटांचे पहिले जाळे सुरू झाले. पुढे ते सबंध फ्लँडर्सभर आणि शेजारच्या नेदरलँड्समध्येही पसरले. आज या वाटांवरून जाणाऱ्या किती जणांना त्या अभियंत्याचे नाव ठाऊक असेल, कोण जाणे!

शहराचे शेवटचे घर मागे पडते आणि थोड्याच वेळात टिलेगेमचे वन लागते. वाट सपाट आहे. या भागात चढ असा नाहीच, पण समुद्र जवळ असल्यामुळे वारा आहे, आणि समोरून वारा सुटला की सपाट रस्ताही घाटासारखा वाटू लागतो. वनात शिरल्यावर मात्र वारा वरच्या वर अडतो. दोन्ही बाजूंना बीच वृक्षांचे राखाडी, गुळगुळीत बुंधे खांबांसारखे उभे असतात आणि फांद्या वर एकमेकींत मिसळून कमान धरतात. अशा सरळ, दुतर्फा झाडांच्या वाटेला डच भाषेत 'ड्रेफ' म्हणतात. आपल्याकडे तिला तरुवीथी म्हणता येईल. चाकाखाली गेल्या वर्षीची तांबूस पाने चुरचुरतात. मध्येच पाइनची झाडे येतात आणि हवेला राळेचा वास येतो.

हे अरण्य अनादी काळापासून येथे आहे, असे कोणाला वाटेल. ते तसे नाही. या परिसराचा मोठा भाग एके काळी उजाड माळ होता. हलकी, रेताड जमीन, त्यावर खुरटी झुडपे आणि चरणारी गुरे. अशा माळाला तेथे 'वेल्ट' म्हणतात आणि आजही तो शब्द अनेक गावांच्या नावांच्या शेवटी टिकून आहे. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत जमीनदारांनी या माळांवर रांगेने झाडे लावली. लाकूड विकता यावे, शिकार करता यावी आणि आपल्या वाड्याकडे जाणारी वाट दिमाखदार दिसावी, असे त्यांचे हेतू होते. म्हणून येथील वाटा ओढ्यासारख्या वळणे घेत जात नाहीत. त्या पट्टीने आखल्यासारख्या सरळ आहेत.

टिलेगेमचा वाडा याच वनाच्या पोटात आहे. विटांच्या भिंती, उतरती छपरे आणि चारी बाजूंना संथ पाणी. त्याची मुळे मध्ययुगात आहेत, जरी आजचे रूप पुष्कळ नंतरचे असले तरी. येथे आपल्यापुढे शब्दाचा एक प्रश्न उभा राहतो. डच भाषेत या वास्तूला 'कास्टेल' म्हणतात. पहारेकऱ्यांचा बुलंद कोट असो की श्रीमंताचे बागेतले निवासस्थान, दोहोंना तो एकच शब्द चालतो. मराठीचे तसे नाही. डोंगरावरचा तो गड, सपाटीवरचा तो भुईकोट, पाण्यातला तो जंजिरा किंवा जलदुर्ग, पाटील-देशमुखांची तटबंदी असलेली ती गढी आणि चौकाभोवती बांधलेला तो वाडा. सह्याद्रीच्या मुलखात वाढलेल्या भाषेला हे भेद जपावेच लागले. टिलेगेमला आपण काय म्हणावे? खंदक पाहिला तर गढी, खिडक्या पाहिल्या तर वाडा. आम्ही या पाठात 'वाडा' हा शब्द पत्करला आहे, कारण या खिडक्या शत्रूवर नेम धरण्यासाठी केलेल्या नाहीत. पूर्वी खाजगी असलेले टिलेगेम आता पश्चिम फ्लँडर्स प्रांताच्या मालकीचे आहे आणि त्या वनात कोणीही हिंडावे.

टिलेगेमच्या पश्चिमेस, वनातच, बेनेडिक्टाइन पंथाच्या साधूंचा मठ आहे. झेवेनकेर्केन हे त्याचे नाव. त्याचा अर्थ सात चर्चे. या मठात एका चिनी साधूने आपल्या आयुष्याची शेवटची दोन दशके घालवली. लू त्सेंग-त्सियांग हे त्यांचे नाव. ते १९१२ मध्ये काही काळ चीनचे पंतप्रधान होते आणि अनेक वर्षे परराष्ट्रमंत्री. पहिल्या महायुद्धानंतर पॅरिसला जी शांतता परिषद भरली, तिच्यात चीनच्या शिष्टमंडळाचे ते प्रमुख होते. चीनमधील शांतुंग प्रांतातले जर्मनीचे हक्क परस्पर जपानला देऊन टाकण्याचे तेथे ठरले, तेव्हा १९१९ च्या जूनमध्ये व्हर्सायच्या तहावर चीनने सही केली नाही. लू यांच्या पत्नी बेल्जियन होत्या. १९२६ मध्ये त्या निवर्तल्या आणि पुढच्याच वर्षी लू या मठात दाखल झाले. १९४९ मध्ये ब्रूज येथेच त्यांचा अंत झाला.

पाठगत प्रश्न
१. चिठ्ठीवरील आकड्यांच्या आधारे सायकलस्वार मार्ग कसा शोधतो, ते तीन-चार वाक्यांत लिहा.
२. या भागातील वनवाटा सरळ का आहेत?

मठापासून लॉपेमचा वाडा फार दूर नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास बांधलेली ही वास्तू दिसते मात्र त्याहून पुष्कळ जुनी. टोकदार शिखरे, पायऱ्यापायऱ्यांचे त्रिकोणी दर्शनी भाग, समोर तळे. त्या काळातील कॅथलिक सरदारांना मध्ययुगाचे मोठे आकर्षण होते आणि नवे घरही जुने दिसावे अशी त्यांची हौस होती. बागेत उंच कुंपणांचा भूलभुलय्या आहे. वास्तू म्हणून विचाराल, तर लॉपेमपेक्षा सुंदर वाडे फ्लँडर्समध्ये पुष्कळ आहेत. तरीही या फेरीत थांबावे असे स्थळ एकच निवडायचे झाले, तर आम्ही लॉपेमच निवडू.

पहिल्या महायुद्धात बेल्जियमचा बहुतेक सारा प्रदेश चार वर्षे जर्मन सैन्याच्या ताब्यात होता. राजा अल्बर्ट पहिला हा देश सोडून गेला नाही. पश्चिमेच्या कोपऱ्यात उरलेल्या चिंचोळ्या पट्टीत, एझर नदीच्या काठी, तो आपल्या सैन्यासह राहिला. १९१८ च्या ऑक्टोबरात ब्रूज मुक्त झाले आणि राजाने आपला मुक्काम लॉपेमच्या या वाड्यात हलवला. राजधानी ब्रसेल्स अजून शत्रूच्या हाती होती. ११ नोव्हेंबरला युद्ध थांबले. त्याच सुमारास घेंटचे समाजवादी पुढारी एडवर्ड आन्सील आणि उदारमतवादी पक्षाचे पॉल-एमिल जान्सन हे राजाच्या भेटीसाठी लॉपेमला आले. कॅथलिक पक्षाचे नेतेही येऊन गेले. युद्धानंतरचा देश कसा चालवायचा, हा चर्चेचा विषय होता.

चर्चेत सर्वांत कळीचा मुद्दा होता मताधिकाराचा. १८९३ पासून बेल्जियममध्ये पंचवीस वर्षांवरील प्रत्येक पुरुषाला मत होते, पण प्रत्येकाची मते सारखी नव्हती. घरदार असलेल्या, कर भरणाऱ्या कुटुंबप्रमुखाला जादा मत मिळे. मालमत्तावाल्याला जादा मत मिळे. उच्च शिक्षणाचे प्रमाणपत्र असेल, तर त्याबद्दलही जादा मते मिळत. एका माणसाला जास्तीत जास्त तीन मते देता येत. म्हणजे या तरुवीथीच्या टोकाशी राहणारा मालक मतदान केंद्रात शिरला की तीन माणसांच्या बरोबरीचा ठरे आणि त्याच्या झाडांची पाने गोळा करणारा, शाळेचे तोंड न पाहिलेला मजूर एकाच माणसाच्या बरोबरीचा. चार वर्षे खंदकात दोघांचीही मुले एकाच चिखलात उभी होती. त्यानंतर हा हिशेब पुढे चालू ठेवणे अवघड होते.

लॉपेमच्या भेटींनंतर तिन्ही पक्षांचे सरकार बनले. २२ नोव्हेंबरला राजाने ब्रसेल्समध्ये प्रवेश केला आणि संसदेपुढील भाषणात प्रत्येक प्रौढ पुरुषाला एकच, समान मत देण्याचे जाहीर केले. वयाची अट एकवीस वर्षांवर आली. १९१९ ची निवडणूक याच तत्त्वावर झाली. घटनेत त्याप्रमाणे दुरुस्ती झाली ती मात्र त्यानंतर, १९२१ मध्ये. आधी घटना बदलायची की आधी निवडणूक घ्यायची? जुन्या मताच्या लोकांना हा क्रम मुळीच मानवला नाही. एका सरदाराच्या वाड्यात बसून राजावर दडपण आणले गेले, असे ते म्हणत आणि या घटनेला ते 'लॉपेमचा कट' म्हणू लागले. राजाने हा आरोप फेटाळला. स्त्रियांना तर आणखी वाट पाहावी लागली. युद्धात मारल्या गेलेल्यांच्या विधवा आणि माता अशा मोजक्या स्त्रियांना १९१९ मध्ये मत मिळाले. संसदेच्या निवडणुकीत सर्व स्त्रियांना ते मिळाले १९४८ मध्ये. आपल्या देशातही ब्रिटिश अमदानीत मताधिकाराला मालमत्तेची व शिक्षणाची अट होती. स्वतंत्र भारताच्या १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत एकवीस वर्षांवरील सर्व स्त्री-पुरुषांनी एक व्यक्ती, एक मत या नियमाने मतदान केले. ज्यांना अक्षरओळख नव्हती, त्यांच्यासाठी मतपेट्यांवर चिन्हे होती.

राजाच्या त्याच भाषणात भाषेचाही प्रश्न होता. बेल्जियममध्ये डच बोलणारे बहुसंख्य, पण न्यायालये, सैन्य, उच्च शिक्षण यांवर फ्रेंचचा पगडा. फ्लँडर्सच्या वाड्यांतूनही फ्रेंच बोलली जाई, डच राही स्वयंपाकघरात आणि गोठ्यात. १८९८ च्या कायद्याने डचला फ्रेंचच्या बरोबरीचे स्थान मिळाले खरे, परंतु डचमधून शिकवणारे विद्यापीठ देशात एकही नव्हते. घेंट येथे असे विद्यापीठ असावे, ही फ्लँडर्सची जुनी मागणी. राजाने १९१८ मध्ये तिला आशा दाखवली. प्रत्यक्षात घेंटचे विद्यापीठ पूर्णपणे डच झाले १९३० मध्ये.

लॉपेमहून झेडेलगेम गावाला बगल देत आपण दक्षिणेकडे वळतो. आता वन विरळ होते. मक्याची शेते, बटाट्याची शेते, कुरणे, विटांची बैठी घरे. जमीन किंचित वर चढू लागते, इतकी किंचित की ते डोळ्यांऐवजी गुडघ्यांना आधी कळते. टोरहाउट या गावाच्या अलीकडे पुन्हा गर्द झाडी येते आणि झाडीच्या कडेला, खंदकाच्या पाण्यात आपलेच प्रतिबिंब पाहणारा, वाइनेंडालेचा किल्ला उभा असतो. येथे मात्र 'वाडा' हा शब्द अपुरा पडतो. अकराव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्लँडर्सच्या काउंटने येथे पहिला कोट बांधला. तो अनेकदा पडला, जळला, पुन्हा उभा राहिला. आजच्या बांधकामाचा बराच भाग एकोणिसाव्या शतकातला आहे.

याच रानात १४८२ च्या मार्चमध्ये बर्गंडीची मेरी ही तरुण राज्यकर्ती ससाण्यांसह शिकारीला आली होती. घोड्यावरून ती पडली आणि काही दिवसांतच ब्रूज येथे मरण पावली. तिचे वय अवघे पंचवीस. मुलगा चार वर्षांचाही नव्हता. तिच्या मृत्यूनंतर हा सारा संपन्न मुलूख तिचा पती मॅक्सिमिलियन आणि मुलगा यांच्याकडून हॅब्सबर्ग घराण्याच्या हाती गेला. घोड्याचा एक पाय घसरला आणि एका प्रदेशाचा धनी बदलला.

याच किल्ल्यात २५ मे १९४० रोजी पहाटे अल्बर्टचा मुलगा, राजा लिओपोल्ड तिसरा, आपल्या चार मंत्र्यांशी बोलत होता. जर्मन सैन्य पुन्हा एकदा देशात घुसले होते. आपल्याबरोबर देशाबाहेर चला, तेथून लढा चालू ठेवू, असे मंत्र्यांचे म्हणणे. मी माझ्या सैनिकांबरोबरच राहणार, असे राजाचे म्हणणे. एकमत झाले नाही. मंत्री निघून गेले. २८ मे रोजी बेल्जियमच्या सैन्याने शस्त्रे खाली ठेवली आणि राजा युद्धकैदी झाला. बापाने सैन्याबरोबर राहणे पसंत केले तेव्हा तो वीर ठरला. मुलानेही तेच केले, पण त्याच्या पायाखाली स्वतंत्र भूमीची ती चिंचोळी पट्टीही उरणार नव्हती. युद्ध संपल्यावर राजाला परत येऊ द्यावे की नाही, या प्रश्नावर देश दुभंगला. १९५० च्या जनमत चाचणीत सुमारे ५८ टक्के लोकांनी त्याच्या बाजूने कौल दिला. फ्लँडर्समध्ये हे प्रमाण ७२ टक्के होते, फ्रेंचभाषक वालोनियात ४२. विजय मिळूनही तो टिकेना. संप, मोर्चे, गोळीबार यांनंतर १९५१ मध्ये लिओपोल्डने मुलासाठी राजपद सोडले. राजाने चूक केली की बरोबर, यावर आजही दोन मते ऐकू येतात. ती दोन्ही समजून घ्यावीत.

वाइनेंडालेचे नाव आणखी एका माणसाने जगभर नेले, आणि तो राजा नव्हता. टोरहाउटजवळ १८८२ मध्ये एका गरीब, अंबाडीसारख्या जवसाच्या ताग्यावर राबणाऱ्या कुटुंबात कारेल स्टेयार्ट जन्मला. वडील तो तान्हा असतानाच वारले. चौदाव्या वर्षाच्या आसपास शाळा सुटली. गुरे राखणे, श्रीमंत फ्रेंचभाषक घरांतून हरकामे करणे, असे करत तो मोठा झाला. त्या घरांत आपल्या भाषेला मिळणारी वागणूक त्याने पाहिली. लिहिणे-वाचणे त्याने सोडले नाही. तो वार्ताहर झाला, सायकल शर्यतींविषयी आपल्या लोकांच्या बोलीशी जवळीक असलेल्या भाषेत लिहू लागला आणि टोपणनाव घेतले कारेल व्हान वाइनेंडाले, म्हणजे वाइनेंडालेचा कारेल. ज्या किल्ल्याच्या आत त्याला स्थान नव्हते, त्याचेच नाव! 'स्पोर्टवेरेल्ड' या वृत्तपत्राच्या वतीने त्याने फ्लँडर्सची फेरी ही शर्यत सुरू केली. पहिली शर्यत घेंटहून निघाली ती २५ मे १९१३ रोजी. सत्तावीस वर्षांनी त्याच तारखेला किल्ल्यात राजा आणि मंत्री समोरासमोर उभे होते. हा निव्वळ योगायोग, पण लक्षात राहतो. पहिल्या वर्षी जेमतेम ३७ स्वार होते. आज ही शर्यत सायकलविश्वातील सर्वांत मानाच्या शर्यतींपैकी एक आहे.

टोरहाउटच्या चौकात बसून पाव आणि चीज खावे, पाणी भरून घ्यावे आणि उत्तरेची वाट धरावी. आता वारा बहुधा बाजूने असतो. चिठ्ठीवरचे आकडे एकेक करून खोडले जातात. तिन्हीसांजेला ब्रूजच्या आवर लेडी चर्चचा उंच विटांचा मनोरा दिसू लागतो. त्या चर्चमध्ये मेरीची समाधी आहे. सोन्याचा मुलामा दिलेली तिची मूर्ती हात जोडून पहुडलेली आणि पायांशी श्वानशिल्प, जणू शिकारीहून आताच परतलेले.

शब्दार्थ

तरुवीथी – दुतर्फा झाडे असलेली वाट
भुईकोट – सपाट जमिनीवर बांधलेला किल्ला
पगडा – वर्चस्व
कळीचा मुद्दा – ज्यावर सारे अवलंबून आहे तो मुद्दा
निवर्तणे – मरण पावणे
मानवणे – पसंत पडणे, रुचणे
अमदानी – राजवट, कारकीर्द

स्वाध्याय

१. 'पुन्हा गर्द झाडी येते आणि झाडीच्या कडेला, खंदकाच्या पाण्यात आपलेच प्रतिबिंब पाहणारा, वाइनेंडालेचा किल्ला उभा असतो.' या वाक्यातील चेतनगुणोक्ती अलंकार स्पष्ट करा.

२. लॉपेमच्या भेटींकडे समान मताचे समर्थक आणि त्यांचे विरोधक कोणकोणत्या दृष्टींनी पाहत असतील? दोन्ही बाजू प्रत्येकी पाच-सहा वाक्यांत मांडा.

३. अल्बर्ट आणि लिओपोल्ड या पितापुत्रांच्या निर्णयांत साम्य कोणते आणि परिस्थितीत फरक कोणता, ते पाठाच्या आधारे लिहा.

४. गड, भुईकोट, जलदुर्ग, गढी, वाडा या शब्दांचा प्रत्येकी एका वाक्यात उपयोग करा. तुम्ही महाराष्ट्राबाहेर राहत असाल, तर तुमच्या राज्याच्या भाषेत यांसाठी कोणते शब्द आहेत, तेही शेजारी लिहा.

५. तुमच्या घरापासून चालत किंवा सायकलने तासाभरात पुरी होईल अशी एक फेरी निवडा. वाटेतील वळणांना क्रमांक देऊन एक चिठ्ठी तयार करा आणि ती एखाद्या मित्राला किंवा मैत्रिणीला द्या. त्या व्यक्तीला कोठे थांबून विचारावे लागले, ते ऐकून घ्या आणि त्यानुसार मार्गाचे वर्णन दीडशे शब्दांत लिहा.